हेटमानच्या गाड्या

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे आणि ते चारशे वर्षांपूर्वीच्या एका पोलिश सरदारावर आहे. हिंगोलीच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "सर, आपल्याकडचे लोक संपले का? पोलंडपर्यंत जायची काय गरज होती?" कारण अगदी साधं आहे. पुण्याचे एक प्रकाशक जगातल्या सेनानींवर छोटी छोटी चरित्रं काढत होते. नाववाले सेनानी नाववाल्या लेखकांनी आधीच उचलले होते. शेवटी हा म्हातारा उरला आणि मी उरलो. कॉलेजात इतिहास शिकवणारा, बंजारा तांड्यावरून आलेला, पुस्तकावर स्वतःचं नाव छापलेलं बघायला उतावीळ झालेला माणूस. आमची जोडी जमली.

सरदार होता मोठा. सरहद्दीवरच्या घराण्यात जन्मला, सैन्यात चढत गेला. तिकडे मुख्य सेनापतीला हेटमान म्हणतात, तो हेटमान झाला. उतारवयात राज्याचा चान्सलर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा मंत्रीही झाला. मॉस्कोत फौज घेऊन शिरला आणि रशियाच्या झारला कैद करून आपल्या राजापुढे आणून उभं केलं. पण जिंकलेल्या लोकांशी सबुरीनं वागा, असं आपल्याच राजाला सांगत राहिला आणि राजानं काही ऐकलं नाही. लिहिता लिहिता मला हा म्हातारा आवडायला लागला. मी त्याच्याविषयी घरात बोलायचो तेव्हा बायको म्हणायची, तुमच्या त्या म्हाताऱ्याला आता झोपू द्या.

सात प्रकरणं सरळ झाली. आठव्यात मी अडकलो. सत्तरी ओलांडलेल्या हेटमानला दक्षिणेकडे तुर्कांवर पाठवलं होतं. लढाई हातची गेली. त्याच रात्री फौजेत घबराट उडाली, काही सरदार नदीत घोडे घालून पळाले आणि सामानसुमानावरच्या नोकरांनी आपलीच छावणी लुटली. म्हाताऱ्यानं उरलेले लोक गोळा केले. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लावल्या, गाड्या साखळ्यांनी जोडल्या, माणसं मध्ये घेतली आणि ही चालती तटबंदी घेऊन तो घराकडे निघाला. कितीतरी दिवस तुर्क आणि तातार चारही बाजूंनी तुटून पडत होते, पण गाड्यांची रांग फुटली नाही. मग सरहद्दीची नदी अगदी हाकेवर आली आणि ऐन तेव्हा, शत्रूनं नव्हे, आतल्या लोकांनीच ती मोडली. घोडे सोडवून जो तो पळत सुटला. हेटमान पळाला नाही. त्याचं मुंडकं सुलतानाकडे गेलं.

माझी अडचण दुहेरी होती. एकतर गाड्या साखळीनं जोडून चालवायच्या म्हणजे नेमक्या कशा, ते माझ्या डोळ्यांपुढे येईना. दुसरं म्हणजे इतके दिवस मरणाच्या दारात टिकलेली माणसं घराच्या दारात का फुटली? माझ्याकडच्या दोन्ही इंग्रजी पुस्तकांनी त्यावर गोंधळ, बेशिस्त असे शब्द टाकून पान उलटलं होतं. असे शब्द मीही वर्गात रोज वापरतो. माहीत नसलं की फार कामाला येतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईच्या माहेरी, सेनगाव तालुक्यातल्या मामाच्या तांड्यावर गेलो. मामा तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. जन्मभर ऊसतोडीला गेलेला माणूस. आता टोळ्या बैलगाड्या ट्रकवर चढवून कारखान्याला नेतात, पण मामाच्या उमेदीत गाड्या चालतच जायच्या. सेनगावपासून पार पश्चिमेकडच्या कारखान्यापर्यंत, दहा-बारा दिवस, वीस-पंचवीस गाड्या, बाया, तान्ही लेकरं, शेळ्या, कोंबड्या सगळं घेऊन. त्या गाड्यांचा म्होरक्या मामा असायचा. त्याला अक्षर ओळखता येत नाही. आमची बोली गोरमाटी, पण मी मास्तर झाल्यापासून तो माझ्याशी मुद्दाम मराठीतच बोलतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. "काय करून राहिला रे? दोन दिवसांपासून कागद काळे करतो अन् फाडतो."

मी त्याला हेटमानची गोष्ट सांगितली. वेळ घालवायला म्हणून सांगितली, हे आधीच कबूल करतो. त्याच्याकडून काही मिळेल असं माझ्या मनातही नव्हतं. ऐकता ऐकता तो उठला, चुलीजवळच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेऊन आला, त्यांचे तुकडे केले आणि जमिनीवर दोन रांगा मांडल्या.

"पुढं कोणची गाडी होती?" त्यानं विचारलं.

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"लिवायला काहून पाहिजे? कमजोर बैलाची पुढं. सगळ्यायनं तिच्या चालीनं चालायचं. तगडी गाडी पुढं घातली की मागचा मागंच राहतो, अन् मधी खिंडार पडते. खरा गाडीवान शेवटी पाहिजे." मग त्यानं तुराट्यांच्या दोन्ही रांगा हळूहळू वळवल्या. "हे पाह्य. वळणावर भायेरच्या रांगीला जास्ती चालावं लागते. आतल्या रांगीनं थांबायचं. तिथं साखळी ताणली तर तुटते, म्हणून ढिली ठिवायची. तुया म्हाताऱ्याला हे ठावं असन. त्याबिगर इतके दिवस न्हाई चालत कोणी."

मी वही ओढून घेतली. तुराट्यांच्या त्या तुकड्यांत मला पहिल्यांदा ती फौज चालताना दिसली. मग मी त्याला दुसरा प्रश्न विचारला, घर दिसायला लागल्यावर ती का मोडली.

मामानं विचारलं, "ज्यायनं छावणी लुटली, ते संगंच होते?"

"हो, संगंच होते."

"त्यायला कोणी म्हणलं का, घरी चला मंग बघतो तुमच्याकडं?"

मी पुस्तक काढून पाहिलं. होतं. एका ओळीत होतं आणि मी ती ओळ चार वेळा वाचून सोडून दिली होती. लुटारूंना, परत गेल्यावर शिक्षा होईल, असा दम कुणीतरी भरला होता.

"मंग बराबर मोडली," मामा म्हणाला.

त्यानं मला त्याच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. कारखान्यावरून परत येताना एका गड्यानं दुसऱ्याच्या गाडीतलं धान्य चोरलं. तेव्हाचा म्होरक्या तापट होता. तांड्यावर चल, नायकापुढं पंचायत बसवतो, असं तो त्या गड्याला रोज ऐकवायचा. औंढ्याच्या अलीकडे, घर एका दिवसावर आलेलं असताना, त्या गड्यानं पहाटे पाच गाड्यांचे बैल सोडून डोंगरात हाकलले. पळून जाण्यासाठी नव्हे, तांडा पोचूच नये म्हणून. बैल शोधण्यात तीन दिवस गेले. त्यानंतर मामा म्होरक्या झाला तेव्हा त्यानं नियम केला. वाटेवर कुणाची चूक निघाली तर त्याच मुक्कामाला मिटवायची. चोरणाऱ्यानं माफी मागायची, दोघांनी एका तांब्यातलं पाणी प्यायचं आणि तांड्यावर गेल्यावर त्याचं नावही कुणी काढायचं नाही.

"ज्याले घराचं भेव वाटते," मामा म्हणाला, "तो कोणालेच घरी पोचू देत न्हाई."

मी ते वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं. उठताना तो जरा लाजत म्हणाला, "माझं हे पुस्तकात लिवशील?"

"लिहितो की."

"नाव टाकशील का रे? मोठं न्हाई. कुठंबी, बारीक."

"पहिल्याच पानावर टाकतो मामा," मी म्हणालो. तेव्हा ते मी मनापासून म्हणालो होतो.

आठवं प्रकरण तीन दिवसांत झालं. मामाचं वाक्य मी पुस्तकी मराठीत बसवलं आणि प्रकरणाच्या शेवटी ठेवलं. ऋणनिर्देशात मामाचं नाव, त्याचा तांडा, त्यानं तुराट्या मांडून समजावलं, असं सगळं चार ओळींत लिहिलं. चांगलं लिहिलं होतं.

मग छपाईआधीचं शेवटचं प्रूफ आलं. मी ते हिंगोलीत एका झेरॉक्सच्या दुकानात काढून घेतलं आणि तिथंच बाकड्यावर बसून वाचायला लागलो. ऋणनिर्देशापाशी आलो आणि थबकलो. विद्यापीठातले मोठमोठे लोक हे वाचणार. युरोपातल्या युद्धशास्त्रावर लिहिलंय आणि आधार कुणाचा, तर अंगठा लावणाऱ्या ऊसतोड्याचा! हसतील. शेवटी पोरगं तांड्यावर गेलंच, असं म्हणतील. मराठी बोलताना जिभेवर गोरमाटी येऊ नये म्हणून मी पंचवीस वर्षं जपून बोललो होतो, आणि आता मीच पहिल्या पानावर सगळ्यांना तांडा दाखवणार होतो. मी पेन काढलं आणि त्या चार ओळी खोडल्या. माझे सर, ग्रंथपाल, प्रकाशक, कॉलेजचे प्राचार्य, अगदी मजकूर टाइप करून देणारा ऑपरेटरसुद्धा, सगळे तसेच राहू दिले. गरज सरो वैद्य मरो ही म्हण मी शाळेत फळ्यावर लिहून शिकलो होतो. कुणी दबाव आणला नव्हता. प्रकाशकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हे केलं ते मी एकट्यानं.

पुस्तकांचं पार्सल ट्रॅव्हल्सनं वारंगा फाट्याला यायचं होतं. मामा त्या दिवशी दवाखान्यासाठी हिंगोलीला आला होता. मी पण येतो म्हणाला आणि मोटारसायकलवर मागं बसला. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही खोकं फोडलं. मामानं एक पुस्तक उचललं, नाकाला लावलं, पानं चाळली आणि तोंड माझ्याकडे करून विचारलं, "माझं कुठं हाय?"

तेव्हाही सांगता आलं असतं. ट्रकांची वर्दळ होती, माणसं आपापल्या घाईत होती, ऐकायला ओळखीचं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आत आहे मामा. सगळीकडं आहे." तो खूश झाला. चहावाल्याला म्हणाला, "भाच्यानं बुक लिवलं, त्यात मी हाव." चहावाल्यानं बरं म्हणून कप विसळायला घेतले. मामानं ते पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळून पोटाशी धरून नेलं.

पुस्तकाचं बरं झालं. म्हणजे फार कुणी वाचलं नाही, पण ज्यांनी वाचलं त्यांनी आठव्या प्रकरणाला मान डोलावली. एका समीक्षकानं ते वाक्य पूर्ण उचलून दिलं आणि लेखकाच्या स्वतंत्र दृष्टीचं कौतुक केलं. इथल्या एका वाचनालयानं माझा सत्कार ठेवला. तिथं एका प्राध्यापकांनी विचारलं, हा विचार तुम्हाला कुठं गवसला? मी शाल सावरत म्हणालो, "साधनं चाळता चाळता सुचत गेलं." मामा तिसऱ्या रांगेत बसला होता, कडक इस्त्रीचं धोतर नेसून. त्यानं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्याला ते कळलं की नाही हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतरच्या होळीला मी मामाच्या तांड्यावर गेलो. धुळवडीच्या दुपारी सगळे नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, ओट्यावर जमतात. लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, गाऊन गाऊन घसे बसलेले, कपडे रंगलेले. आईच्या माहेरचा म्हणून मी साऱ्या तांड्याचा भाचा, आणि भाच्याची थट्टा करायचा अख्ख्या तांड्याला हक्क. नायक मामापेक्षा वयानं लहान, पण जिभेनं तिखट. तो म्हणाला, "भाचे सर, तुमच्या मामानं चार महिने कान खाल्ले आमचे. मी बुकात हाव, मी बुकात हाव. आज समद्यायपुढं वाचून दावा एकदा."

मी म्हणालो चष्मा आणला नाही. चष्मा खिशात होता.

"सूनबाई वाचन की," कुणीतरी म्हणालं. मामाची सून अंगणवाडीत सेविका आहे, तिचं वाचन स्वच्छ. मामानंच तिला पुस्तक आणायला घरी पिटाळलं. तिनं ते अजून वाचलेलं नव्हतं. मामानं पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हता. ती आली, उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि ऋणनिर्देश वाचायला लागली.

तिनं माझ्या सरांचं नाव वाचलं. ग्रंथपालांचं वाचलं. प्राचार्यांचं, प्रकाशकांचं वाचलं. टाइप करणाऱ्या ऑपरेटरचं वाचलं. मग पान उलटलं, पलीकडे अनुक्रमणिका होती. तिनं परत मागचं पान पाहिलं. माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मामाचं नाव सापडेना म्हणून तिनं मधली काही पानंही उगाच चाळली. मी जमिनीकडे बघत बसलो होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला अगदी खरंखरं वाटत होतं.

"आयला," नायक म्हणाला. "त्या मशीनवाल्याचं हाय, अन् मामाचं न्हाई?"

दोघं-तिघं हसले. मामाच्या बरोबरीचा एक म्हातारा, जो त्याच्यासोबत कारखान्याला जायचा, तो मात्र हसला नाही. तो मामाकडे बघत होता.

मामा उठला. त्यानं सुनेच्या हातातून पुस्तक घेतलं, बंद केलं. "न्हाईच हाय," तो म्हणाला. "मीच म्हणलं होतं त्याले, नाव टाकू नको म्हणून. आपुन काय नावासाठी सांगतो का? ते टाकून राहिला होता, मीच न्हाई म्हणलो."

"मंग चार महिने काय सांगत होता आमाले?"

"मी बुकात हाव म्हणलो. नाव हाय म्हणलो का?"

नायकानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळला. आता तो थट्टा करत नव्हता. "व्हय का भाचे सर? खरं हाय का हे?"

माझ्या आयुष्यात मला एक गोष्ट सुधारायला कुणी इतकी सरळ संधी दिलेली नाही. नाही म्हणायचं होतं. एवढंच. मामा खोटं बोलतोय, मला वाचवायला बोलतोय, मी खोडलं, मी लाजलो, असं म्हणायचं होतं. पाच-दहा माणसं हसली असती, नायकानं शिव्या दिल्या असत्या आणि मामाला जे मिळायचं ते मिळालं असतं. मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो पुस्तकाचं कव्हर तळहातानं पुसत होता.

"व्हय," मी म्हणालो.

त्या दिवशी मामाच्या घरी मी जेवलो. सूनबाईनं वाढलं, पण ती माझ्याशी बोलली नाही. मामानं आग्रह करून तिला माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढायला लावली.

यंदा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातही मामाचं नाव नाही, आणि हे लिहितानाही मी ते टाकलेलं नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही. प्रकाशकांचा फोन आला तसं मी पुन्हा चार ओळी लिहिल्या, या वेळी चारच्या बारा झाल्या. त्या छापून घेतल्या आणि तांड्यावर गेलो. मामा आता फार उठत नाही. बाजेवर पडून होता. मी त्याला म्हणालो, या खेपेला टाकतोय, ऐक. आणि वाचलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, तांडा, पंचवीस गाड्या, तुराट्या, आणि ते वाक्य त्याच्या तोंडात जसं होतं तसं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "लई चांगलं लिवलं," म्हणाला. "आता फाड."

"काहून मामा?" माझ्या तोंडून काहूनच आलं.

"मी तांड्यापुढं बोललो, तू व्हय म्हणला. आता बुकात आलं तर लोक म्हणतीन, मंग तवा खोटं कोण बोललं? मी खोटा पडलो तं चालन, माझे राहिले किती दिवस. तू मास्तर हायेस. तुले लेकरं शिकवायची हायेत."

मी म्हणालो, मला चालेल. मी सगळ्यांना खरं सांगतो. आत्ता नायकाकडे जातो. तो मान हलवत राहिला. मी बराच वेळ बोललो, आवाज चढवला, शेवटी रडलो. पंचावन्न वर्षांचा माणूस बाजेचा काठ धरून रडतोय, हे बघून सूनबाई दारातून आत आली आणि तशीच परत गेली. मामानं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला आता जोर नाही.

"फाड," तो म्हणाला. मग म्हणाला, "फाडायच्या आधी अजून एकदा वाच. नाव जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचलं. मग फाडलं.